मातेरा : नावावर जाऊ नका

सांजपाखरू :

"इटलीत कुठं कुठं गेलीस?" या प्रश्नाला मी "मातेऱ्याला" असं उत्तर दिलं, तेव्हा चुलत सासूबाई एकदम गप्प झाल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे सहल फसली का गं?" म्हणून आधीच सांगते. मातेरा हे गावाचं नाव आहे, 'मा'वर जोर देऊन म्हणायचं, आणि कशाचंही मातेरं झालेलं नाही. निदान आता तरी.

इटलीच्या बुटाची टाच आणि चवडा यांच्यामधे जी पोकळी दिसते तिथं बाझिलिकाता नावाचा डोंगराळ, विरळ वस्तीचा प्रांत आहे. मातेरा त्याच्या पूर्व टोकाला. लेक सध्या नोकरीनिमित्त बारीत असते, तिथून हे साधारण ६५ किलोमीटर. अरुंद रुळांवरून एक छोटी गाडी डुलत डुलत जाते, फक्त रविवारी जात नाही. हे आम्हाला रविवारी सकाळी स्टेशनवर कळलं. मग बस. उभ्यानं.

पोचल्यावर पहिला अर्धा तास तर वाटलं, एवढ्यासाठी आलो? चौक, औषधांचं दुकान, आइस्क्रीम, पारावर बसावं तसे बाकांवर बसलेले म्हातारे. मग लेकीनं एका कमानीतून कठड्यापाशी नेलं आणि खाली बघितलं तर पायाखालची जमीनच संपली. समोर ग्राविना ओढ्याची खोल घळ, आणि अलीकडच्या उतारावर एकावर एक रचलेली, नव्हे, उगवलेली घरं. हेच ते 'सास्सी'. साधा अर्थ दगड. दोन मोठ्या परातींसारखे दोन भाग आहेत, सास्सो बारिझानो आणि सास्सो काव्हेओझो, आणि दोहोंच्या मधल्या उंचवट्यावर चिविता. तिथलं कॅथेड्रल १२७० साली पुरं झालं. एकाचं छप्पर म्हणजे दुसऱ्याचं अंगण आणि तिसऱ्याचा रस्ता.

दगड चुनखडीच्या जातीचा, मऊ. लोक त्याला तूफो म्हणतात. आत खोदत जायचं आणि खोदून निघालेल्या चिऱ्यांनीच पुढं कमानीची खोली बांधायची. त्यामुळं कुठल्याही घराचा पुढचा भाग घर असतो आणि मागचा भाग डोंगर. इथं माणूस अश्मयुगापासून राहतोय. मधे बेनेडिक्टाइन पंथाचे मठवासी आले, ग्रीक पंथाचे साधू आले, त्यांनी दगडात देवळं कोरली. गावात आणि पलीकडच्या मुर्जा पठारावर मिळून अशी दीडशेच्या वर आहेत.

आता तुम्ही म्हणाल, बायको-मुलांसकट गुहेत राहायचं म्हणजे आधीपासूनच दरिद्री गाव असणार. तसं नाही. १६६३ ते १८०६ मातेरा या प्रांताची राजधानी होती. जोसेफ बोनापार्टच्या राजवटीत राजधानी पोतेन्झाला गेली. जमीन मूठभरांच्या हातात, माणसं वाढत गेलेली, आणि मग ज्या खोदकामात पूर्वी पाणी साठवत किंवा जनावरं बांधत, त्यात कुटुंबं राहायला लागली.

मुसोलिनीनं कार्लो लेव्ही नावाच्या तोरिनोच्या डॉक्टर-चित्रकाराला १९३५-३६ मधे याच प्रांतात स्थानबद्ध केलं होतं. त्याचं 'ख्रिस्त एबोलीलाच थांबला' हे पुस्तक १९४५ ला आलं. एबोली हे पलीकडच्या सालेर्नो जिल्ह्यातलं गाव. आमच्यापर्यंत ख्रिस्तसुद्धा पोचला नाही, असं बाझिलिकाताचे शेतकरी म्हणायचे. पुस्तकात त्याची बहीण, तीही डॉक्टरच, मातेऱ्यात आपल्यामागं पोरं कशी लागली ते सांगते. तिला वाटलं पैसे मागताहेत. पोरं क्विनाइन मागत होती. घरोघर मलेरिया.

मग पुढारी आले. १९४८ ला कम्युनिस्ट नेता तोल्यात्ती सास्सीला 'राष्ट्राची लाज' म्हणाला. १९५० ला पंतप्रधान दे गास्पेरी येऊन बघून गेला. १९५२ ला खास कायदा झाला, आणि पुढच्या काही वर्षांत साधारण १५ हजार माणसांना सास्सीतून उठवून वरच्या नव्या वसाहतींत नेलं. दारं विटांनी बंद केली. निम्मं गाव एका पिढीत ओस.

आम्ही ज्यांच्याकडं खोली घेऊन राहिलो त्या आजी तेव्हा सात वर्षांच्या होत्या. लेक दुभाषी. आजींनी हातानं दाखवलं, पलंग इथवर उंच. का? तर खाली कोंबड्या. खोलीच्या तळाशी, सगळ्यात आतल्या बाजूला खेचर, कारण हिवाळ्यात त्याची ऊब. धाकटा भाऊ कपाटाच्या खणात झोपायचा, रात्री खण ओढायचा, सकाळी ढकलायचा. (मोकळा करून हं.) पुढं शाळेत, नोकरीत, कुणी विचारलं तर सास्सीत जन्मले हे त्या सांगत नसत. आता नातू त्याच सास्सीतल्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. "आम्हाला तिथून निघायला सरकारनं घर दिलं," म्हणाल्या, "आणि हे लोक तिथं एक रात्र झोपायला माझ्या पेन्शनचा पाव हिस्सा देतात." रागानं नाही. हिशोब सांगावा तसं.

गावच्या ब्रुना देवीच्या जत्रेचं वेगळं लिहीन, दमले.

*

उंडगा :

वाचनखूण साठवली! ते बाँडपटात मोटार गल्ल्यांतून सुसाट जाते ते हेच ना? फोटो टाका. जत्रेचं लौकर लिहा, 'दमले' वगैरे चालणार नाही.

*

खवट म्हातारा :

लेख चांगला आहे, पण 'नव्हे, उगवलेली घरं' वाचून कपाळावर आठी आली. बाई, पोरं मरत होती तिथं. बाळं हाताला लागतील की नाही याची खात्री नव्हती. खेचराच्या लघवीच्या वासात झोपणाऱ्याला आपलं घर उगवलंय असं वाटत नसतं. गरिबी जुनी झाली की तिला वारसा म्हणतात आणि तिकीट लावतात.

*

सांजपाखरू :

खवटकाका, मान्य. तो शब्द वरून, कठड्यापाशी उभं राहून सुचला होता. खाली उतरल्यावर नसता सुचला.

*

पाणक्या :

पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, त्यामुळं राहवत नाही. या गावाची खरी करामत घरं नाहीत, पाणी आहे.

ओढा खाली खोल घळीत, गाव वर उघड्या खडकावर. मग प्यायचं काय? पावसाचं. प्रत्येक छपरावरून पन्हळीनं पाणी उतरवायचं आणि घराखालच्या किंवा अंगणातल्या टाक्यात सोडायचं. टाकं घंटेच्या आकाराचं, तोंड लहान, पोट मोठं, म्हणजे ऊन लागत नाही. एकाचं टाकं भरलं की जास्तीचं पाणी खालच्याच्या टाक्यात. मऊ दगड पाणी पितो, म्हणून आतून चुना आणि कुटलेल्या खापराचा गिलावा. आपली सुरखी हो! नाव वेगळं, माल तोच.

सगळ्यात मोठं टाकं मुख्य चौकाच्या पोटात आहे, पालोंबारो लुंगो. साधारण ५० लाख लिटर. आत उभं राहिलं की देवळाच्या मंडपात आल्यासारखं वाटतं म्हणे, ताईंनी पाहिलं असेल. १९२० च्या दशकात नळाचं पाणी आलं आणि गाव हे टाकं चक्क विसरलं. १९९१ ला पुन्हा सापडलं. जे गाव पाण्यापायी शहाणं झालं होतं तेच दाटीवाटीत टाकी राहायला घेऊन बसलं, म्हणून घाण. यंत्रणा चुकीची नव्हती, तिच्यावर बोजा चौपट झाला. १९९३ ला युनेस्कोनं यादीत घेतलं, त्यामागं प्येत्रो लाउरेआनो या वास्तुतज्ज्ञाचं काम होतं, आणि त्याचा भरही या पाण्यावरच होता.

*

सांजपाखरू :

पाणक्या, पाहिलं. भिंतीवर पाण्याच्या जुन्या पातळीची रेघ दिसते, आपल्या डोक्याच्या कितीतरी वर. वरती चौकात पोरं फुटबॉल खेळत होती.

आता जत्रा. २ जुलै, मादोन्ना देल्ला ब्रुना, म्हणजे मेरीमाता, गावाची देवी म्हणा. १३८९ पासून चालू आहे. 'ब्रुना' नाव कशावरून, यावर तिथंही तीन मतं आहेत. सावळी म्हणून, जुन्या लोंबार्ड भाषेत चिलखताला तसा शब्द म्हणून, नाहीतर हेब्रॉन गावावरून. आजींना विचारलं तर म्हणाल्या, "आमची आहे म्हणून." कथा अशी की एका शेतकऱ्यानं वाटेत एका तरुण बाईला गाडीत बसवलं, वेशीपाशी तिची मूर्ती झाली आणि ती म्हणाली, दर वर्षी मला अशीच, सजवलेल्या गाडीतून गावात आणा.

पहाटे साडेचार-पाचला सुरू. आम्ही चारला उठलो. मेंढपाळांची मिरवणूक म्हणतात तिला. एके काळी धनगर कामावर जाण्याआधी देवीच्या तसबिरीला गावातून फिरवत, तेच अजून. गल्लीगल्लीत फटाक्यांच्या माळा, धूर, झोपेतले लोक गाऊनवर दारात. दुपारनंतर पिच्चानेल्लो मोहल्ल्यातून रथ निघतो. कागदाच्या लगद्याचा, लाकडी सांगाड्यावर, बायबलमधल्या एखाद्या प्रसंगाचे पुतळे, देवदूत, सोनेरी वेलबुट्टी. कारागीर महिनोन्महिने बंद दारामागं करतात. ओढायला खेचरं, भोवती पिसांचे टोप घातलेले घोडेस्वार. कॅथेड्रलपुढं रथाला तीन फेऱ्या, मूर्ती उतरवून आत नेतात.

आणि मग रिकामा रथ चौकाकडं येतो.

तिथं जे झालं ते लिहायला शब्द शोधतेय. घोडेस्वारांनी खेचरं दामटली, रथ गर्दीत घुसला आणि पोरं तुटून पडली. अक्षरशः. उड्या मारून वर चढली आणि हाताला येईल ते उपटायला लागली. देवदूताचा पंख, खांबाचं बोंडूक, कुणाचं डोकं. दहा मिनिटांत नुसता लाकडी सांगाडा. याला 'स्त्राझ्झो' म्हणतात, म्हणजे फाडाफाड. जो तुकडा मिळतो तो वर्षभर घरात ठेवायचा, बरकत येते. आजींच्या टीव्हीवर काचेच्या पेटीत एक बोट आहे, गुलाबी, नख रंगवलेलं. कुठल्याशा संताचं, १९७० च्या दशकातलं, मोठ्या भावानं आणलेलं. भावाच्या कपाळावर त्या दिवशीची खूण शेवटपर्यंत होती. रात्री घळीवर शोभेचं दारूकाम आणि लोक एकमेकांना एक वाक्य म्हणतात, त्याचा अर्थ, 'आणखी छान, आणखी छान, येत्या वर्षी'.

*

उंडगा :

पुढच्या वर्षी लवकर या!!

*

अबोली७३ :

@उंडगा, हो पण आपण बाप्पाला हळुवार पाण्यात सोडतो, असं हातपाय ओढून नाही. मला जरा कसंसंच झालं वाचून. महिनोन्महिने राबलेल्या कारागिराला काय वाटत असेल?

*

खवट म्हातारा :

कारागिराला पुढच्या वर्षीचं काम मिळतं, ते वाटत असेल.

फाडाफाडीमागची दुसरी कथा ताईंनी गाळली. काउंट त्रामोन्तानो. नेपल्सचा माणूस, कर्जात बुडालेला, आणि ते फेडायला मातेऱ्यावर कर लादत सुटलेला. गावावर नजर ठेवायला टेकडीवर किल्ला बांधायला घेतला. २९ डिसेंबर १५१४ ला कॅथेड्रलमधून बाहेर पडताना लोकांनी त्याला गल्लीत गाठून मारला. ती गल्ली अजून आहे, नाव 'व्हिया रिस्कात्तो', सुटकेची गल्ली म्हणा. कट करणारे ज्या खडकाआड बसले त्याला गाव 'वाईट सल्ल्याचा खडक' म्हणतं. किल्ला आजही अर्धवट, तीन बुरुज. तर या काउंटानं म्हणे कबूल केलं होतं की दर वर्षी देवीला नवा रथ करून देईन, आणि लोकांनी त्याचा शब्द तपासायला जुना मोडून टाकला. नवा दे आता!

*

सांजपाखरू :

कथा फर्मास आहे काका, पण मला ती मागाहून बेतलेली वाटते. काउंट आवडता नव्हता, रथ फाडायची सवय होती, दोन्हीची कुणीतरी गाठ मारली. तिसरी कथा अशीही ऐकली की सरासेन, म्हणजे अरब हल्लेखोर, चालून येतील आणि देवीचा रथ त्यांच्या हाती पडेल म्हणून लोकांनी आपणच मोडला. एका प्रथेला तीन कारणं सापडली की खरं कारण हरवलंय असं समजावं.

*

मीठभाकर :

सगळं वाचलं, पण खाण्याचं एक अक्षर नाही? धाग्याला दोन गुण कमी.

*

सांजपाखरू :

घ्या. पाव. मातेऱ्याचा पाव २००८ पासून युरोपीय मानांकनातला आहे. आपल्या बन्सीच्या जातीचा कठीण गहू, त्याचा दोनदा दळलेला पिवळसर रवा, आंबवण अंजीर-द्राक्षांसारखी फळं पाण्यात घालून केलेलं. साल जाड, टकटक वाजणारी, आत भोकंभोकं. किलो-दोन किलोचा एक, आठवडाभर टिकतो.

पण मला आवडला तो शिक्का. कणीक घरी मळायची, भट्टी सामायिक. वीस घरांचे पाव एकाच भट्टीत गेले तर आपला कुठला? म्हणून लाकडी शिक्का, खाली घराण्याची आद्याक्षरं, वर मूठ म्हणून कोंबडा किंवा माणूस कोरलेला. मेंढपाळ रानात बसून कोरायचे. आजींच्या आईचा शिक्का स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे. मी हातात घेतला तर अक्षरांच्या खाचांत अजून पीठ होतं. काळं, दगडासारखं झालेलं. १९५४ नंतर तो वापरलाच नाही, म्हणाल्या, नव्या वसाहतीत गॅस होता.

शिळा पाव टाकत नाहीत. पाण्यात भिजवून टोमॅटो, कांदा, ऑलिव्हचं तेल घातलं की 'चालेद्दा', कापणीच्या दिवसांतली न्याहारी. आणि वाळवलेल्या लाल मिरच्या तेलात तळतात, सेनिझे गावच्या, दिसायला हुबेहूब आपली वाळवणाची मिरची. मी घाबरत चावा घेतला. अजिबात तिखट नाही! फसवणूक झाल्यासारखं वाटलं.

*

लाखोळी :

आयडी बघून कळलंच असेल, मी भंडाऱ्याची. मातेऱ्यात १ ऑगस्टला 'क्रापियाता' करतात ना? कापणी झाली की शेजारपाजारच्या प्रत्येक घरानं मूठमूठ धान्य आणायचं, हरभरे, मसूर, बाकला, गहू, छोटे बटाटे, आणि एका मोठ्या हंड्यात उकळून अंगणात सगळ्यांनी मिळून खायचं. त्यात 'चिचेर्क्या' म्हणून एक चपटा वाकडातिकडा दाणा असतो. तो म्हणजे आमची लाखोळी! तेच झाड, तोच दाणा. आमच्याकडं लाखोळीचा वडा करतात आणि 'लंगडेपणा येतो' म्हणून सरकारनं तिच्यावर कितीतरी वर्षं बंदी घातली. तिकडं ती उपाहारगृहात कौतुकानं वाढतात. काय म्हणायचं आता.

*

पाणक्या :

लाखोळीताई, दुष्काळात दुसरं काही उगवत नाही तेव्हा ती उगवते. नुसती तीच महिनोन्महिने खाल्ली की त्रास. इथं काय, तिथं काय, गरिबाचंच धान्य.

*

जुनं बाड :

एक जोड. २१ सप्टेंबर १९४३ ला मातेऱ्यातले लोक माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यावर उठले. दक्षिण इटलीतलं असं पहिलं शहर. जर्मनांनी ओलीस ठेवलेल्या माणसांसकट एक इमारत उडवली, एकूण २६ जण गेले. तेच दिवस होते जेव्हा तिथून जवळच्या तारांतो बंदरात आठवी भारतीय डिव्हिजन उतरत होती, आणि तीत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. पुढच्याच वर्षी याच मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतले, रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे वरच्या टायबरच्या खोऱ्यात कामी आले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती लढाई मातेऱ्यापासून खूप उत्तरेला, पण इटलीच्या मातीला पहिला पाय लागला तो या टाचेपाशी.

*

सांजपाखरू :

बाड, हे माहीत नव्हतं. आभार.

*

अबोली७३ :

एक प्रश्न राहतो. आता तिथं राहतं कोण? ज्यांना हाकललं ते परत गेले का?

*

सांजपाखरू :

फार थोडे. बहुतेक सास्सी अजून सरकारी मालकीची. १९८६ च्या कायद्यानं दुरुस्तीला अनुदान आणि दीर्घ मुदतीचे करार दिले, मग तरुण वास्तुतज्ज्ञ, कलाकार, आणि त्यांच्यामागून हॉटेलवाले. २०१९ ला युरोपची सांस्कृतिक राजधानी झाल्यावर तर चाकं लावलेल्या बॅगांचा खडखडाट थांबतच नाही.

हलवलं ते वाईट केलं असं मी म्हणणार नाही. आजींनाही विचारलं. नळ, संडास, वेगळी खोली, यातलं काही त्या परत द्यायला तयार नाहीत. पण 'विचिनातो' गेला, म्हणाल्या. सात-आठ घरांचं मिळून एक अंगण, एक टाकं. कुणाची आई आजारी तर पोरं शेजारणीकडं जेवली. ला मार्तेल्ला नावाचं जे आदर्श खेडं बसवलं त्यात क्वारोनी या वास्तुकारानं हे जाणून सामायिक भट्ट्याही ठेवल्या होत्या, गोठा घराला जोडून पण माणसांपासून वेगळा. अभ्यास करून बांधलं होतं बिचाऱ्यानं. पण कोणती घरं कुणाशेजारी जातील हे चिठ्ठ्या-याद्यांवर ठरलं की अंगण नकाशावर आखून भागत नाही. आजींच्या अंगणातली आठ घरं चार वसाहतींत गेली. ती सगळी एकत्र दिसतात ती २ जुलैला, चौकात, रथाची वाट बघत. अर्थात आता त्यांची नातवंडं.

*

खवट म्हातारा :

हे पटलं. बाकी नावाचं सांगतो, कुणी हसायला नको म्हणून. मातेरं म्हणजे मुळात कचरा नव्हे. खळ्यावर मळणी झाल्यावर तळाशी मातीत मिसळून जे धान्य उरतं ते मातेरं. पाखडून घेतलं तर त्यातही शेर-दोन शेर निघतं. आमची आई घ्यायची.

*

सांजपाखरू :

काका, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. तिनं आजींना फोनवर सांगितला, आपल्या भाषेत त्यांच्या गावाच्या नावाचा हा अर्थ होतो म्हणून. त्यांना गंमत वाटली. म्हणाल्या, आम्हीही वेचायचो, पण ते कोंबड्यांना.

कोंबड्या कुठं असायच्या ते वर लिहिलंच आहे.